एकाच मेजावरचे दोन प्रश्न



आजच्या पदवीधर मुलांनो, आधी तुमचं अभिनंदन. हिब्रू क्रियापदं, ग्रीक व्याकरण आणि माझ्या तासाच्या सनावळ्या या तिन्हींतून तुम्ही सुखरूप बाहेर पडलात. आता लोक तुम्हाला पाळकसाहेब, पाळकबाई म्हणतील, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी दुसऱ्याची तक्रार घेऊन दारात उभं राहील. कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोण पिऊन उपासनेला आला, अर्पणाच्या पैशात कोणी हात घातला. चार भिंतींच्या आत आपण पापाचा सिद्धान्त शिकलो. बाहेर तुमच्याकडे पापं येतील ती नावागावासकट. त्या वेळी काय करायचं, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे. आणि इतिहासाच्या बाईंना बोलावलंय म्हटल्यावर एक सनावळी तुम्हाला सोसावीच लागेल.

साल १६९२. उत्तर अमेरिकेतली मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत, आणि तिथलं सेलम. वस्ती प्युरिटन लोकांची. माणूस मुळातच पापी आहे, त्याचं तारण पुण्याईने नव्हे तर निव्वळ देवाच्या कृपेने होतं, ही शिकवण त्यांच्याइतकी मनापासून धरणारे लोक इतिहासात थोडेच. अशा गावात कोणी कोणाला दगड मारणार नाही, असं आपल्याला वाटेल. सगळेच पापी म्हटल्यावर दगड उचलणार कोण?

पण त्या एका वर्षात तिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस जण फासावर गेले. जाईल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने कोर्टात गुन्हा कबूल-नाकबूल काहीच सांगायला नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याचा जीव घेतला. दीडशेच्या वर माणसं तुरुंगात पडली. पुरावा कसला? कोणी एक मुलगी किंचाळायची की अमक्या बाईची छाया येऊन मला चिमटे काढतेय. ती छाया दुसऱ्या कोणाला दिसत नसे. तरी कोर्टाने तो पुरावा ग्राह्य धरला.

या प्रकरणाची सुरुवात कुठे झाली, ते तुम्ही पाळक होणाऱ्यांनी नीट ऐका. सुरुवात पाळकाच्या घरात झाली. सेलम खेड्याचे पाळक सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना विचित्र झटके येऊ लागले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रिबेका नर्स नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या धर्मशील बाईला अटक झाली. त्यानंतरच्या रविवारी, २७ मार्चला, प्रभुभोजन होतं. पॅरिस यांनी उपदेशासाठी योहानाच्या सहाव्या अध्यायातलं वचन घेतलं. आपण निवडलेल्या बारा जणांतला एक सैतान आहे, असं येशू सांगतो, ते. मंडळीत किती सैतान बसले आहेत ते ख्रिस्ताला ठाऊक आहे, असा त्या उपदेशाचा रोख. रिबेकाची बहीण सेरा क्लॉइस उठली आणि बाहेर निघून गेली. पुढच्या काही दिवसांत तिच्यावरही आरोप आला.

वचन खरं होतं, उपदेशकही विद्वान होता. मग चुकलं कुठे? त्यासाठी बारा जणांतल्या त्याच विश्वासघातक्याबद्दल दुसऱ्या एका मेजाभोवती काय झालं ते पाहा. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू सांगतो की तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल. मत्तय आणि मार्क लिहितात की शिष्य खिन्न झाले आणि एकेकाने त्याला विचारलं, तो मी तर नाही ना? योहानाच्या वृत्तांतात मात्र शिष्य एकमेकांकडे पाहू लागतात, आणि पेत्र शेजारच्या शिष्याला खुणावतो की तो कोण ते विचार. एकाच मेजावर एकाच घटकेला दोन प्रश्न उठले. एक ‘तो कोण?’ आणि दुसरा ‘मी तर नाही ना?’ मानवी पापाबद्दलची सगळी ख्रिस्ती शिकवण या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. पॅरिस यांनी ती पहिल्या प्रश्नासाठी वापरली, आणि तीही प्रभुभोजनाच्या मेजावरून.

‘सगळेच पापी’ हे वाक्य म्हणूनच जपून वापरा. ते फार सोयीचं आहे. आपली चूक निघाली की त्याचं पांघरूण होतं आणि दुसऱ्याची निघाली की हत्यार. पौलाला हे पक्कं माहीत होतं. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय पाहा. पापांची यादी लांबत जाते, ऐकणारा मान डोलवत राहतो, आणि दुसरा अध्याय उघडताच पौल त्या डोलणाऱ्या मानेवरच बोट ठेवतो. दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या माणसा, तू स्वतःलाच दोषी ठरवतोस, असा त्याचा मुद्दा. नाथान संदेष्ट्याने दाविदापुढे हेच केलं होतं. श्रीमंताने गरिबाची मेंढी लुबाडल्याची गोष्ट ऐकून दावीद संतापला, त्याने शिक्षाही फर्मावली, आणि मग त्याला कळलं की गोष्टीतला श्रीमंत आपणच.

सेलमच्या कोर्टात कबुलीचं जे झालं ते तर सगळ्यात भयंकर. जे गुन्हा कबूल करून इतरांची नावं सांगत, त्यांना फाशी होत नसे. ज्यांनी शेवटपर्यंत खोटं बोलायला नकार दिला, ते फासावर गेले. पश्चात्तापाची ख्रिस्ती भाषा जशीच्या तशी होती. फक्त कबुली स्वतःहून द्यायच्या ऐवजी दुसऱ्याकडून उकळली जात होती.

रिबेका नर्सचा खटला यात मुद्दाम लक्षात ठेवा. जूरीने आधी तिला निर्दोष ठरवलं होतं. आरोप करणाऱ्या मुलींनी आकांत मांडला. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी तिच्या एका उद्गाराकडे जूरीचं लक्ष वेधलं. जूरीने त्याचा अर्थ तिलाच विचारला. ती गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं हाच गुन्हा ठरला. नंतर तिने कळवलं की आपल्याला कमी ऐकू येतं, मन दुःखाने भरलं होतं, प्रश्न कळलाच नाही. ३ जुलैला सेलमच्या मंडळीने तिला बहिष्कृत केलं, १९ जुलैला तिला फाशी दिलं. मंडळीने तो बहिष्कार रद्द केला १७१२ मध्ये, तिच्या मरणानंतर वीस वर्षांनी.

आता त्या कोर्टातल्या दुसऱ्या एका न्यायाधीशाकडे वळू. सॅम्युएल सेवॉल. १६९६ च्या डिसेंबरात त्यांच्या घरी मुलगा मत्तयाचा बारावा अध्याय लॅटिनमध्ये म्हणत होता. देवाला यज्ञ नको, दया हवी, हे कळलं असतं तर तुम्ही निरपराध्यांना दोषी ठरवलं नसतं, या अर्थाचं वचन आलं आणि सेलम त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तसं त्यांनी रोजनिशीत नोंदवलं आहे. पुढे १४ जानेवारी १६९७ ला वसाहतीने उपासाचा दिवस पाळला. बॉस्टनच्या आपल्या मंडळीत सेवॉल यांनी पाळक सॅम्युएल विलर्ड यांच्या हाती एक चिठ्ठी दिली. पाळक ती वाचत असताना हे न्यायाधीश भर मंडळीत उभे राहिले. चिठ्ठीचा मतलब असा, की त्या खटल्यांचा दोष आणि लाज मी माझ्याकडे घेतो, माणसांची क्षमा मागतो आणि देवाच्या क्षमेसाठी तुमच्या प्रार्थना मागतो.

तेव्हाचे कायदे तसे होते, सगळ्यांचंच मत तसं होतं, सैतानाने आम्हाला फसवलं, यातलं काहीही त्यांना म्हणता आलं असतं, आणि प्रत्येकात थोडंफार तथ्यही होतं. त्याच वर्षी जूरीतल्या बारा जणांनीही लेखी माफी मागितली. स्टॉटन यांनी मात्र उघडपणे कधीच चूक मानली नाही. त्यांची धर्मशिकवण आणि सेवॉल यांची धर्मशिकवण एकच होती. एकाने ती शेवटी स्वतःला लावली, एवढाच फरक.

आणि स्वतःला दोषी म्हटल्यावर सेवॉल तोंड मिटून बसले नाहीत. १७०० साली त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका छापली, न्यू इंग्लंडमधली तसली पहिली. मुसळ-कुसळाचा दाखला आपण नेहमी अर्धाच सांगतो. येशू कुसळ राहू द्या असं म्हणत नाही. आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढा, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला नीट दिसेल, असं तो सांगतो. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. डोळा नाजूक असतो, म्हणून दिसणाऱ्या माणसाने काढायचं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. आपला काय संबंध? ऐका. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेहून पूर्वेकडे निघालेल्या पहिल्या पाच मिशनऱ्यांची दीक्षा झाली ती सेलमच्याच टॅबरनॅकल चर्चमध्ये. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. तीच आपल्या अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. पुढे १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं पडलं, आणि नारायण वामन टिळक १८९५ साली याच मिशनच्या मंडळीत आले. तुमच्यापैकी कित्येकांच्या आजी-पणजोबांची नावं या मिशनच्या वहीत सापडतील. आपल्याकडे शुभवर्तमान आलं ते या लोकांच्या हातून. आत्मपरीक्षणाची सवय त्यांनीच लावली, आणि मंडळीतून काढून टाकण्याचा अधिकारही त्यांच्याच परंपरेतून आपल्या पंचांकडे आला. दोन्ही वारसे आपलेच आहेत.

आता नम्रतेविषयी, कारण या शब्दाचा आपल्या मंडळ्यांत फार गैरवापर होतो. वरच्याने खालच्याला ‘नम्र राहा’ म्हणायचं आणि त्याला ख्रिस्ती शिकवण समजायचं. सून नम्र हवी, शिपाई नम्र हवा, वस्तीतून आलेला तरुण नम्र हवा. पंडिता रमाबाईंनी याला कधीच दाद दिली नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डाइन यांना त्या आईसारखं मानत. पण रमाबाई धर्मशिकवणीवर प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा याच सिस्टरना त्यात अहंकार दिसला. दोघींचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे, जरूर वाचा. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा पाद्रीच्या ताब्यात द्यायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि तरीही देवापुढे आपण पापी आहोत याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. देवापुढे वाकलेलं माणूस माणसांपुढे ताठ उभं राहू शकतं, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहून कळतं. तेव्हा नम्रतेवर उपदेश करायचा असेल तर आधी समोर कोण बसलंय ते पाहा. ज्यांची पाठ जगाने आधीच वाकवली आहे, त्यांना ताठ व्हायला सांगा. नम्रतेचा उपदेश पहिल्या बाकावरच्यांसाठी आणि व्यासपीठावरच्यांसाठी राखून ठेवा.

तर मग तक्रार आली की काय करायचं? चार गोष्टी सांगते. पहिली, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला समोर बसवून, त्याला कळेल अशा शब्दांत विचारा, आणि तो गप्प राहिला तर प्रश्न कळला का ते आधी पाहा. दुसरी, जे एकालाच दिसलं आणि तपासता येत नाही, ते पुरावा म्हणून धरू नका, मग ते स्वप्न असो, दर्शन असो की मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा निरोप. तिसरी, कबुली उकळू नका. सर्वांसमोर उभं राहून माफी माग, मग प्रभुभोजन मिळेल, असा सौदा करू नका. चौथी, कोणाला शिस्तीखाली ठेवावंच लागलं, तर परत घेण्याची वाट त्याच ठरावात लिहा. रिबेका नर्सला वीस वर्षं लागली, आणि ती ते ऐकायला नव्हती. आणि जिथे कायद्याने गुन्हा घडला आहे, विशेषतः लहान मुलाशी किंवा बाईशी, तिथे ‘आपण सगळेच पापी’ असं म्हणून दार लावून घेऊ नका. पोलिसांकडे जा. क्षमा करायचा हक्क ज्याला इजा झाली त्याचा आहे, कमिटीचा नाही.

एक शेवटची गोष्ट. परूशी आणि जकातदाराचा दाखला ऐकून, देवा, मी त्या परूश्यासारखा नाही याबद्दल तुझे उपकार, असं मनात येणं फार सोपं आहे. सेलमची गोष्ट ऐकूनही तसंच होतं. म्हणून आपल्या घरात पाहू. आपल्यापुढे येणाऱ्या तक्रारी बहुतेक दुबळ्यांविरुद्ध असतात. दारुड्याविरुद्ध, विधवेविरुद्ध, पळून लग्न केलेल्या पोरीविरुद्ध. पण चार पिढ्या ख्रिस्ती असलेली घरं सोयरीक जुळवताना मूळ जात विचारतात, याची तक्रार घेऊन तुमच्याकडे कोणीही येणार नाही. ते पाप आपल्या पंचांच्या घरात आहे, पाळकांच्या घरात आहे, आणि त्यावर कोणी कोणाला शिस्तीखाली ठेवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. ‘तो कोण?’ असं विचारत राहिलात तर हे पाप तुम्हाला कधीच सापडणार नाही. ‘मी तर नाही ना?’ असं विचारलंत तर पहिल्याच रात्री सापडेल.

तुमच्यातले बरेच जण दोन-चार वर्षांत लग्न करतील. तेव्हा घरात हा प्रश्न निघेल, आणि तेव्हाच तुमच्या पदवीची खरी परीक्षा होईल. तिथे ताठ उभे राहा. मग मंडळीपुढे पापाविषयी बोलायला उभे राहिलात तर लोक तुमचं ऐकतील.

देव तुम्हाला त्यासाठी धैर्य देवो.