ग्रूमरकडे जाण्याआधी : कुत्रा पाळणाऱ्यांशी चार गोष्टी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात रविवारच्या सकाळच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



सचिवांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही कुत्र्यांवर बोला. दरवर्षी आमसभेत हाच विषय निघते आन् चहा थंडा होते." मी म्हटलं, भांडणावर नाही बोलणार, कामाचं बोलतो. म्हणून आजचा विषय : कुत्र्याला ग्रूमरकडे, म्हणजे आंघोळ-केस-नखं करून देणाऱ्याकडे, नेण्याआधी आपल्याला काय माहीत असावं.

आपण लोहाऱ्यात प्लॉट घेतले तेव्हा सोसायटीत कुत्रे होते ते राखणीचे. फाटकाशी बांधलेले, रात्री भुंकायचे, पावसात भिजले की तीच त्यांची आंघोळ. आता घराघरात लॅब्राडोर आहे, शिह त्झू आहे, पग आहे. कुणी यवतमाळातच पेट शॉपमध्ये नेतं, कुणी अमरावती-नागपूरला. पैसे देऊन काम करून घेतो म्हटल्यावर आपल्याला वाटतं, आपली जबाबदारी संपली. माझं आजचं सांगणं एवढंच आहे की ती तिथे संपत नाही. ग्रूमरच्या हाती कुत्रा दोन तास असतो, बाकीचे दिवस आपल्याकडे असतो. कुत्रा स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीनं आपणच सांगायचं आहे.

मी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. ते महाविद्यालय १९५८ सालचं. आमच्या वेळी शिक्षण मुख्यतः गाय, बैल, म्हैस, शेळी यांचं. नोकरीही खेड्यापाड्यातच झाली. पण जनावराची निगा म्हणजे काय हे मला पुस्तकाआधी पोळ्यानं शिकवलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून शेकतात. मालक बैलाला नदीवर नेऊन धुतो, खूर बघतो, शिंगं बघतो, कुठे जखम आहे, कुठे सूज आहे ते हातानं चाचपतो. रंगरंगोटी आणि झूल नंतर. ग्रूमिंगचंही तसंच आहे. फोटोत छान दिसणं शेवटी येतं. आधी येतं कातडी, कान, नखं, पंजे, दात बघणं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला, आपल्या कुत्र्याचे केस कोणत्या जातीचे आहेत ते ओळखा. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि आपण ज्याला सरसकट पोमेरेनियन म्हणतो तो स्पिट्झ, यांना केसांचे दोन थर असतात. आत मऊ लोकरीसारखा, वर राठ. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस माणसासारखे वाढतच राहतात, ते वेळोवेळी कापावेच लागतात. आपला गावठी कुत्रा किंवा कारवानी यांचे केस आखूड. त्यांना रबरी ब्रश आणि ओला टॉवेल पुष्कळ झाला.

हे का सांगतो? कारण एप्रिल लागला की लोक म्हणतात, "डॉक्टर, गर्मी किती होऊन राहिली, याचं टक्कल करून टाकू का?" दोन थरांच्या कुत्र्याचं टक्कल करू नका. वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो. तो पार काढला तर कातडी भाजू शकते आणि केस परत येताना कधी कधी ठिगळासारखे येतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ काढून, धापा टाकून थंड होतो. त्यामुळे केस काढल्यानं आपल्याला वाटतं तेवढा गारवा त्याला मिळत नाही. आतला गळणारा लोकरीचा थर ब्रशनं काढून टाका, हवा खेळती राहील. ग्रूमरला सांगताना "मशीन फिरवा" असं न म्हणता "आतले मेलेले केस काढा" असं म्हणा.

दुसरा मुद्दा जटांचा. लांब केसांच्या कुत्र्याला कानामागे, काखेत, मांडीच्या आत, पट्ट्याखाली जटा होतात. वरून ब्रश फिरवला की छान दिसतं, पण आत कातडीला चिकटून गाठ बसलेली असते. कंगवा कातडीपर्यंत गेला पाहिजे. आणि ब्रश आंघोळीच्या आधी. जटा ओली झाली की आणखी आवळते. घरी कात्रीनं कापायला जाऊ नका, कारण गाठीबरोबर कातडी वर ओढली जाते आणि कात्री कातडीलाच लागते. चार महिने ब्रश न केलेला कुत्रा घेऊन गेलात आणि ग्रूमरनं सांगितलं की केस पूर्ण काढावे लागतील, तर त्याच्याशी वाद घालू नका. तासभर जटा ओढत बसणं म्हणजे त्या मुक्या जिवाचे हाल. अशा कामाचे पैसे जास्त लागतात, ते आधीच विचारून घ्या.

तिसरा मुद्दा लसीचा. याच्यावर मी थोडा जास्त बोलणार आहे. रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, आणि पुढे दरवर्षी. डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी वेगळ्या. लसींचा पहिला क्रम पूर्ण होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पिल्लाला जिथे दहा कुत्रे येतात अशा ठिकाणी नेऊ नका. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, टॉवेलवर, पिंजऱ्यावर बराच काळ टिकतो. लसीचं कार्ड सोबत न्या. ज्या दुकानात कार्ड मागतच नाहीत, तिथे तुमच्या आधी कोणता कुत्रा येऊन गेला हेही कुणी पाहिलेलं नसतं.

आणि आपला कुत्रा चावरा असेल तर ते सांगा. पुष्कळ जण सांगत नाहीत. "घरी तर काहीच करत नाही जी" म्हणतात. घरी त्याच्या पंज्याला अनोळखी माणूस हात लावत नाही, कानाशी मशीन घरघरत नाही. टेबलापाशी उभा असतो तो वीस-बावीस वर्षांचा पोरगा असतो, कुणाच्या तरी घरचा कमावता. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालावं लागतं. म्हणून चावा किंवा ओरखडा झाला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही. पण ही वेळच येऊ नये म्हणून चार शब्द आधी बोलायला काय जातं? "याला मागच्या पायाला हात लावलेला खपत नाही" एवढं सांगितलं की तो पोरगा जाळीचा मुखपट्टा लावून, बेतानं काम करतो. कुत्राही सुरक्षित, तोही सुरक्षित.

चौथा मुद्दा औषधांचा. आजार सांगा. फिट येते का, हृदयाचा त्रास आहे का, म्हातारा असेल तर सांधे दुखतात का, अंगावर चामखीळ कुठे आहे, कान वाहतो का, कुत्री गाभण आहे का. चामखीळ माहीत नसेल तर मशीनखाली कापली जाते. आणि गोचिडासाठी काय लावलं, कधी लावलं, हे नक्की सांगा.

गोचिडाचं थांबून सांगतो. आपल्याकडे कपाशी, सोयाबीनचं औषध घरात असतं. काही जण तेच पाण्यात मिसळून कुत्र्याला धुतात. कुणी कृषी केंद्रातून बैलाच्या गोचिडाचं आणतात आणि अंदाजानं ओततात. कुणी रॉकेल चोळतात, कुणी फिनाईल. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. विष कातडीतून अंगात जातं हे यवतमाळकरांना दुसऱ्या कुणी समजावण्याची गरज नाही. कुत्र्याचं तर आणखी पुढे : कातडीतून जातंच, शिवाय तो अंग चाटतो, म्हणजे पोटातही जातं. मी खेड्यात नोकरीला असताना असा एक पांढरा स्पिट्झ माझ्याकडे आणला होता. तोंडाला फेस, अंगभर थरथर. घरच्यांनी सकाळी फवारणीचं औषध लावलं होतं आणि दुपारी न सांगता दुसरीकडे पुन्हा गोचिडाच्या औषधानं धुऊन आणला होता. दोन्ही ठिकाणच्या माणसांना आपण बरंच करतोय असं वाटत होतं. तो वाचला, पण सगळेच वाचत नाहीत. गोचिडाचं औषध कुत्र्याच्या वजनावर ठरतं, ते पशुवैद्यकाला विचारूनच. मानेवर थेंब टाकायचं औषध लावलं असेल तर आधी-नंतर दोन दिवस आंघोळ टाळा, नाहीतर ते धुऊन जातं.

याच ओघात शॅम्पूचंही सांगतो. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानानं उदासीन. आपला शॅम्पू, कपड्याचा साबण, डेटॉल यांनी त्याची कातडी कोरडी पडते, खाज सुटते. मग आपणच म्हणतो, ग्रूमरकडून आणल्यापासून खाजवतो आहे. कुत्र्याचाच शॅम्पू वापरा आणि तो नीट धुऊन काढा.

पाचवा मुद्दा गुंगीचा. भित्रा कुत्रा शांत राहावा म्हणून कुणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ म्हणालं तर तिथूनच परत फिरा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. जनावरावर वैद्यकीय उपचार करायचे तर नोंदणीकृत पशुवैद्यक लागतो. ग्रूमरचं कौशल्य हाताचं आहे, औषधाचं नाही. गुंगीत कुत्र्याचं तापमान, श्वास बिघडतो, ते बघणारा माणूस समोर लागतो. कुत्रा फारच घाबरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

सहावा मुद्दा आपल्या उन्हाचा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो. त्या दिवसात वेळ घ्यायची तर सकाळची. गाडी उभी करून "दोन मिनिटांत येतो" म्हणून कुत्र्याला आत ठेवू नका, काच थोडी उघडी असली तरी नाही. पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे तर फार लवकर दमतात. दुकानात एकच प्रश्न ठामपणे विचारा : "वाळवता कसं?" हातात ड्रायर धरून, माणूस जवळ उभा राहून वाळवत असेल तर ठीक. पिंजऱ्यात बंद करून गरम हवा सोडून माणूस दुसऱ्या कामाला जात असेल तर नको. जोरजोरात धाप, चिकट लाळ, हिरड्या लालभडक, पाय लटपटणं, ही ऊन लागल्याची लक्षणं. अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा, बर्फात बुडवू नका, आणि तसंच दवाखान्यात न्या.

आता घरच्या तयारीचं. रोज दोन मिनिटं पंजे हातात घ्या, कान उघडून बघा, तोंड उघडा, मग खाऊ द्या. दाढीचं मशीन जवळ नुसतं चालू करून ठेवा, आवाजाची सवय होऊ द्या. लहानपणी ही सवय लागली की पुढची दहा-बारा वर्षं सुखाची. जायच्या दिवशी पोटभर जेवण नको, तीन तास आधी हलकं खाणं पुरे. निघण्याआधी फिरवून आणा, म्हणजे शी-शू होऊन जाते. पट्टा ढिला नाही ना ते बघा. घाबरलेला कुत्रा मान सोडवून रस्त्यावर पळतो.

दुकानात टेबलावर रबराची चटई आहे का बघा. कैची, मशीन, टॉवेल एका कुत्र्यानंतर धुतात का विचारा. गळ्याला दोरी बांधून टेबलावर एकटा सोडत नाहीत ना, हे बघा. नखात शीर असते. काळ्या नखात ती दिसत नाही, कधी थोडं रक्त येतं. ग्रूमरनं ते लगेच दाबून थांबवलं आणि तुम्हाला सांगितलं तर तो चांगला माणूस समजा. लपवणारा नको. घरी आणल्यावर बोटांच्या मधे, काखेत, कानात एकदा बघा. लाली, ओलसरपणा, सतत डोकं झटकणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

सोसायटीसाठी एक विनंती. घरी ब्रश करत असाल तर पार्किंगमध्ये किंवा शेजाऱ्यांच्या वाळवणाजवळ करू नका. केस उडून पापडावर बसले की पुढच्या आमसभेत माझं भाषणही उपयोगी पडणार नाही. केस कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. आणि ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनाही सांगतो : निगा राखलेला, लस टोचलेला, हात लावू देणारा कुत्रा शेजारी असणं हे तुमच्याही फायद्याचं आहे.

शेवटी एक सोपं काम. आज घरी गेल्यावर एका कागदावर लिहा : कुत्र्याचं नाव आणि वय, रेबीजच्या लसीची तारीख, गोचिडाचं औषध कोणतं आणि कधी, आजार किंवा दुखरी जागा, कशाला घाबरतो, डॉक्टरांचा फोन. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी ग्रूमरच्या हातात पट्ट्याबरोबर तो कागदही द्या. ज्यांना लिहिताना अडचण येईल त्यांनी संध्याकाळी माझ्याकडे या, आपण बसून लिहू. फी नाही, चहा मात्र तुमच्याकडचा.