पंप माझ्याकडे होता: ताईबरोबर वेझेरच्या खोऱ्यात

आजचा भाग सायकलचा आहे. पण गिअर, कार्बन फ्रेम, हार्टरेट असलं ऐकायचं असेल तर मागचे भाग आहेत, ते ऐका. आज मी माझ्या एका गाढवपणाची गोष्ट सांगणार आहे. तो केला मी फ्रान्समध्ये, वेझेर नावाच्या एका नदीच्या काठी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी बोर्दोला राहतो, नोकरीसाठी. गेल्या सप्टेंबरमध्ये ताई आली दहा दिवसांसाठी. ताई कराडला शाळेत चित्रकला शिकवते. तिने फोनवरच सांगून टाकलं होतं, "मला आयफेल टॉवर नको, मला लास्को बघायचंय." लास्को म्हणजे ती गुहा, जिच्यात हजारो वर्षांपूर्वीचे बैल आणि घोडे रंगवलेले आहेत. पुस्तकात सगळ्यांनी पाहिलेत. ती गुहा बोर्दोपासून फार लांब नाही, आणि ज्या खोऱ्यात आहे तिथले रस्ते सायकलसाठी स्वर्ग आहेत. म्हटलं, ताईचं लास्को, माझी राइड. दोघांचं काम होईल.

ताईला सायकल नवीन नाही हां. चार वर्षं मी तिच्या कॅरिअरवर बसून शाळेत गेलोय. पण लग्नानंतर तिची सायकल सुटली ती सुटलीच. तिला माझी जुनी रोड सायकल दिली, सीट खाली केली, आणि दोन्ही सायकली ट्रेनमध्ये चढवल्या. इथल्या लोकल गाड्यांमध्ये जागा असेल तर सायकल नेता येते. पेरिग्यो मार्गे कोंदा-ल-लार्दँ नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरलो. तिथून माँतिन्याक साधारण दहा किलोमीटर. लास्को त्याच गावाच्या वरच्या टेकडीत.

आता खरी गुहा बघायला मिळत नाही, हे ताईला माहीत होतं. तरी तिने विचारलंच, "अगदी बाहेरून दरवाजा तरी?" नाही.

गोष्ट अशी आहे. १२ सप्टेंबर १९४०. फ्रान्स हरलेला, अर्धा देश जर्मनांच्या ताब्यात. माँतिन्याकची चार पोरं टेकडीवरच्या एका भोकात उतरली. मार्सेल राविदा अठरा वर्षांचा, गॅरेजमध्ये काम शिकणारा. बाकीचे अजून लहान. त्यातला सिमॉन कोएँकास ज्यू होता, पॅरिसहून कुटुंबाबरोबर इकडे आलेला. पुढे त्याचे आईवडील आउश्वित्झहून परत आले नाहीत. पण त्या दिवशी ही चार पोरं दिव्याच्या उजेडात त्या बैलांकडे बघत उभी होती.

१९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली. पुढे दिवसाला हजारावर माणसं यायला लागली. आणि माणूस आत जाऊन काय करतो? श्वास घेतो! उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, दमटपणा. भिंतीवर हिरवं शेवाळ आलं, मग कॅल्साइटचा पांढरा थर धरायला लागला. जे वीसएक हजार वर्षं टिकलं होतं, ते पंधरा वर्षांत बिघडायला लागलं. १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा बंद केली. १९८३ मध्ये जवळच एक प्रतिकृती झाली, आणि २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी नवी, जवळजवळ सगळी गुहा पुन्हा उभी केलेली. तिला लास्को ४ म्हणतात.

मला वाटलं ताई हिरमुसेल. ती तिथे दीड तास मान वर करून फिरत होती. एका बैलाच्या पायाशी थांबून मला म्हणाली, "बघ, मागचा पाय अंगाला चिकटवला नाहीये. मध्ये बारीक जागा मोकळी सोडलीय. त्यामुळे तो पाय पलीकडे गेल्यासारखा वाटतो. हे मी आठवीच्या मुलांना शिकवते आणि अर्ध्यांना जमत नाही." मी मनात उद्याचा चढ मोजत होतो. खरं सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. माँतिन्याकपासून लेझ-एझी हे गाव नदीकाठाने पंचवीसएक किलोमीटर. डी-७०६ हा मुख्य रस्ता आहे, त्यावर गाड्या असतात. मजा आहे ती आजूबाजूच्या छोट्या रस्त्यांवर. दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या बागा, मध्येच तंबाखू वाळवायची काळ्या लाकडाची जुनी कोठारं, आणि वळण घेतलं की समोर चुनखडीचा पिवळट कडा. काही घरांना मागची भिंतच नाही, कडा हीच भिंत. नदी शांत. वरून बघितली तर हलतेय की नाही कळत नाही.

सें-लेऑं-स्युर-वेझेर नावाचं एक सुंदर गाव लागतं, पाण्याच्या काठावर बाराव्या शतकातलं दगडी चर्च. तिथे कॉफी प्यायलो. तोपर्यंत आमचा सरासरी वेग होता ताशी बारा. माझे पाय वळवळत होते. गावाच्या वर कोत द जोर नावाची टेकडी आहे, वरून सगळं खोरं दिसतं. मी म्हटलं, "ताई, तू खालून काठाकाठाने ये, एकच रस्ता आहे. मी वरून जाऊन येतो. ला रोकला भेटू." ती म्हणाली, "जा." एवढंच.

मी गेलो. चढ मस्त मारला. वर फोटो काढला. उतारावर तर काय विचारता! ल मुस्तिए नावाचं एक बारकं गाव लागलं. निअँडरथल माणसाच्या दगडी हत्यारांच्या एका पद्धतीला जगभर मुस्तेरियन म्हणतात, ते ह्या गावावरून. मी ते गाव ताशी चाळीसने पार केलं.

सव्वाबाराला ला रोक सें-क्रिस्तॉफच्या खाली पोचलो. राइड अपलोड केली. सँडविच खाल्लं. साडेबारा झाले, पाऊण झाला. पहिला अर्धा तास मी चिडलो होतो, की किती हळू येतेय. मग फोन लावायला गेलो आणि लक्षात आलं. ताईकडे इथलं सिम नव्हतं. घ्यायला निघालो होतो तेव्हा मीच म्हटलं होतं, "कशाला, मी आहे ना बरोबर." फ्रेंच म्हणाल तर बोंजूर आणि मेर्सी. आणि माझ्या पाठीवरच्या बॅगेत काय होतं? दोन्ही स्पेअर ट्यूब, टायर लिव्हर, पंप.

उलटा निघालो. प्रत्येक वळणावर पोटात गोळा. तीन किलोमीटरवर ती दिसली. उन्हात, सायकल हाताने ढकलत, मागचं चाक सपाट. मी ब्रेक मारून उतरलो, सॉरी सॉरी म्हणायला लागलो. तिने सायकल कुंपणाला टेकवली, पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "पंप तुझ्याकडे होता."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

ट्यूब बदलली. रात्री तिने सांगितलं की एक शेतकरी ट्रॅक्टर थांबवून उतरला होता. घरातून पंप घेऊन आला, पण त्याचा पंप मोटारीच्या मोठ्या तोंडाचा, आणि आमचा व्हॉल्व्ह काडीसारखा बारीक. बसेना. दोघं एकमेकांना आपापल्या भाषेत समजावत होते. शेवटी त्याने तिच्या खिशात ओंजळभर अक्रोड कोंबले आणि हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

त्या दुपारी मात्र ती फार बोलली नाही. ला रोकवर चढलो. हा कडा जवळजवळ एक किलोमीटर लांब आणि ऐंशी मीटर उंच आहे, आणि पाण्याने-हिमाने झिजून त्यात आडवे सज्जे पडलेत, एकावर एक पाच. आधी निअँडरथल, नंतर आपल्यासारखी माणसं, मग मध्ययुगात अख्खं गाव, चर्चसकट. १५८८ मध्ये धर्मयुद्धांच्या काळात ते पाडलं. खडकात कोरलेली तुळयांची भोकं आणि पाण्याचे पाट अजून दिसतात. ताई एका सज्जाच्या कठड्यापाशी उभी राहून खाली नदीकडे बघत होती. म्हणाली, "पाणी खाली, ऊन समोर, पाऊस लागत नाही. मी पण इथेच राहिले असते." मग थोड्या वेळाने, "म्हाताऱ्या माणसांना कोण वर आणत असेल रे?"

मी काही बोललो नाही.

तिथून लेझ-एझीपर्यंत मी तिच्या मागे चालवली. आणि गंमत म्हणजे खोरं तेव्हा दिसायला लागलं. सकाळी मला ते नुसते चढ-उतार वाटत होते. बाराच्या वेगाने कळतं की हे सगळे कडे नदीच्या वळणांवरच आहेत, आणि एका निवाऱ्यापासून दुसरा चालत जाण्याच्या अंतरावर. ही सुटी सुटी स्थळं नाहीतच, एकच मोठी वस्ती आहे. युनेस्कोने १९७९ मध्ये इथली पंधरा ठिकाणं एकत्रच यादीत घेतली, ते उगाच नाही. लेझ-एझीत तर १८६८ मध्ये मजुरांना खोदताना हाडं सापडली, त्या जागेचं नाव क्रो-मान्यों. होय, शाळेच्या पुस्तकातला क्रोमॅग्नॉन.

तिसऱ्या दिवशी फों-द-गोम. ही गुहा खरी आहे, आणि अजून उघडी. रंगीत चित्रांच्या अशा गुहा आता फार थोड्या उरल्यात. दिवसाला मोजकीच माणसं सोडतात, तिकीट आधी काढावं लागतं, फोटोला बंदी. १९०१ मध्ये इथली चित्रं ओळखली ती दनी पेरोनी या गावच्या मास्तरांनी. हे ऐकून ताई खूश. "बघ, मास्तरच!"

आत अरुंद बोळ. बॅग, कोपर भिंतीला लागू नये म्हणून आम्ही सगळे अंग चोरून चाललेलो. बायसन दिसतात, लालसर-तपकिरी, खडकाच्या फुगवट्याचंच पोट केलेलं. मग गाइडबाई एका जागी थांबल्या. मला आधी काहीच दिसेना, रंग पुसट झालाय. त्यांनी दिवा बाजूने, तिरका धरला. हळूहळू दोन रेनडिअर वर आले. एक नर, मोठ्या वळणदार शिंगांचा. समोर मादी, गुडघे टेकलेली. नराने मान खाली घातलीय आणि तो तिचं कपाळ चाटतोय. जीभसुद्धा कोरलीय, एका रेषेत.

कोणी काही बोललं नाही. मला वाटतं, श्वासही आम्ही जपूनच घेत होतो. ताईने अंधारात माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी शाळेच्या फाटकाशी उतरवताना ठेवायची तसा, आणि काढला.

बाहेर उजेडात आल्यावर म्हणाली, "आता लिमयला जाऊ या ना? नदी संपते तिथे?" लिमयला वेझेर दॉर्दोन्य नदीला मिळते, काटकोनात दोन पूल आहेत. मी म्हटलं, "जाऊ या. पण बराच चढ आहे मध्ये." तिने हात पुढे केला. "पंप दे इकडे."

दिला. पंप, ट्यूब, सगळं. ती पुढे, मी मागे. ती राइड मी अपलोड केली नाही.

बरं, मेसेजमध्ये नेहमी विचारता म्हणून पटकन सांगतो. जुलै-ऑगस्ट टाळा, गर्दी असते. दुपारी दोननंतर गावांत जेवण मिळेलच असं नाही, सोमवारी बेकरीही बंद असू शकते, बॅगेत काहीतरी ठेवा. आणि प्रत्येकाकडे आपापला पंप आणि फोन चालू असू द्या. भेटू पुढच्या भागात. ताई ऐकत असशील तर, अक्रोड संपले, अजून आण.