पदवी झाली, हात बसला का?

 एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी होऊनही आम्ही दोघी बहिणी वर्षभर घरी होतो. गुण चांगले होते, पण प्रयोगशाळेत हात बसला नव्हता. पीसीआर का फसतो, हे मुलाखतीत सांगता आले नाही. आज एक लस कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे, दुसरी पीएच.डी. करते. आपल्या हैदराबादेतच शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली हेपटायटिस-बीची भारतीय लस आणली. शेजारी जीनोम व्हॅली आहे. मुलांनो, गॅट-बी परीक्षा द्या. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानित अभ्यासक्रमांत विद्यावेतन मिळते. प्रवेशाआधी विचारा, प्रकल्प किती महिन्यांचा? पालकहो, पगाराची घाई नको, थोडा धीर धरा. गणपती बाप्पा मोरया!