गाविलगड ते बाळापूर : आपल्या सोसायटीची सहल

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यामुळे वेळ पाळण्याची सवय आहे. पण सहलीचं वर्णन करायला सांगितलंय आणि सहलीला आलेली एक्केचाळीस माणसं समोर बसली आहेत. काही सुटलं तर ती सोडणार नाहीत. तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

पार्श्वभूमी सर्वांना माहीत आहे. रौप्यमहोत्सवी सहल कुठे न्यायची यावर आपल्या सर्वसाधारण सभेत पावणेदोन तास चर्चा झाली. (लिफ्टवर सुद्धा इतकी झाली नव्हती.) कोणी गोवा म्हटलं, कोणी केरळ. मी वऱ्हाडातले किल्ले म्हटल्यावर बी विंगमधून आवाज आला, "अजी साहेब, तिथं पाह्यासारखं काय हाय? दगडं!"

प्रश्न बरोबर होता. दगडंच आहेत. पण दगडं पाहायला मी आणि सौ. २०१६ साली पार जर्मनीला गेलो होतो, आणि त्यासाठी मुदत ठेव मोडली होती. नऊ दिवसांची कंडक्टेड टूर. पुढे छत्री उंच धरून चालणारा गाईड, मागे आम्ही तीस जण. त्यातलं तीन ठिकाणांचं सांगतो, कारण त्यातूनच ही सहल निघाली.

पहिलं नॉयश्वानस्टाइन. कॅलेंडरवर असतो तो पांढरा, मनोऱ्यांचा किल्ला. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने तो १८६९ मध्ये बांधायला घेतला आणि कर्ज काढकाढून बांधत राहिला. १८८६ मध्ये राजा वारला तेव्हा काम अपुरंच होतं. असा कर्जदार आमच्या शाखेत आला असता तर मी त्याला चहा पाजून परत पाठवला असता. पण राजा गेल्यावर त्याच वर्षी तिकीट लावून किल्ला लोकांना खुला केला आणि आजतागायत तिकिटाची रांग हटलेली नाही. दिसायला सुंदर आहे, मात्र लढाई त्याने एकही पाहिलेली नाही. मला तो फारसा भावला नाही.

दुसरं हायडेलबर्ग. हा खरा किल्ला. फ्रेंच फौजांनी १६८९ आणि १६९३ मध्ये तो उद्ध्वस्त केला, पुढे १७६४ मध्ये वीज पडून उरलासुरला जळाला. साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या जाणत्या लोकांत मोठा वाद झाला : पुन्हा बांधायचा की पडका आहे तसा राखायचा? एक वाडा दुरुस्त केला, बाकीचा पडकाच ठेवला. मात्र राखला. दोन भाग होऊन एका बाजूला कललेला बुरूज तसाच कललेला उभा आहे, आणि तो बघायला जगभरातून माणसं येतात.

तिसरं रोटेनबुर्ग. छोटंसं गाव, भोवती तटबंदी, आणि तटावरून छपराखालून चालत फिरता येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, मार्च १९४५ मध्ये, बॉम्बहल्ल्यात गावाचा आणि तटाचा मोठा भाग पडला. तट पुन्हा बांधताना त्यांनी मीटरप्रमाणे वर्गणी गोळा केली. ज्यांनी दिली त्यांची नावं भिंतीत दगडावर कोरलेली आहेत, त्यात परदेशातली माणसंही आहेत. आमचा ग्रुप पुढे गेला आणि आम्ही दोघं नावं वाचत मागे राहिलो. सौ. म्हणाली, "घरी गेलो की आपल्या परकोटावरून असंच फिरू." ते राहिलं. ती जाऊन आता तीन वर्षं झाली.

म्हणून आपली बस पहिल्या दिवशी सकाळी सहाला थेट परतवाडा रोडला न लागता आधी जवाहर गेटला थांबली. काहींनी कुरकुर केली, की इथे तर रोजच येतो! रोज येतो, पण मान वर करून बघतो कुठे? पेंढाऱ्यांच्या लुटीपासून कापसाची ही श्रीमंत पेठ वाचावी म्हणून निजामाच्या राजवटीत, १८०७ साली, या परकोटाचं काम सुरू झालं. लांबी सव्वादोन मैल, पाच दरवाजे, चार खिडक्या. खिडक्या म्हणजे लहान दरवाजे. त्यातल्या खुनारी खिडकीचं नाव दंग्यात सांडलेल्या रक्तावरून पडलं. आज तटाला टेकून दुकानं आहेत, घरं आहेत, काही ठिकाणी तटावरच कपडे वाळतात. त्यावरून फिरणं शक्य नाही. पायथ्यापायथ्याने वीस मिनिटं चाललो. पण चाललो.

अचलपूरला आपल्याला गाईड होते तिथले एक निवृत्त इतिहास शिक्षक. फार चांगले बोलले. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी भाव खाऊन गेल्या आपल्या तळमजल्यावरच्या आजी. वय एक्क्याऐंशी. त्यांचं माहेर अचलपूरचं, कोटाच्या आतलं. घर विकल्यानंतर चाळीस-एक वर्षांत गावात पाऊल टाकलेलं नाही. गुरुजी दुल्हा दरवाज्याजवळ इमादशाहीच्या सनावळ्या सांगत होते. आजी नातसुनेचा हात सोडून चालू लागल्या, दोन गल्ल्या ओलांडून एका तीन मजली इमारतीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं आमची विहीर होती." विहीर नव्हती. खाली मोबाईलचं दुकान होतं. दुकानदार पोरगा बाहेर आला. आजींनी विचारलं, "बाबू, पाणी कुठून भरता तुम्ही?" तो म्हणाला, "नळाचं, आजी." त्याने स्टूल आणून दिलं, आजी पाच मिनिटं बसल्या आणि परत येताना वाटेत कोणाशी बोलल्या नाहीत. दुपारी हौज कटोऱ्याच्या त्या उरलेल्या तीन मजल्यांसमोर मात्र त्यांनी सगळ्या मुलांना गोळा केलं आणि मुर्तिजापूर-अचलपूर शकुंतला रेल्वेने लग्नाची वरात कशी आली होती ते सांगितलं. गुरुजी वही काढून लिहून घेत होते.

आता गाविलगड. चिखलदऱ्याला आपण सगळेच दहा वेळा गेलो आहोत. पॉइंट पाहिले, कॉफी घेतली, कणसं खाल्ली, परतलो. किल्ल्याच्या आत किती जण गेलो होतो? हात वर करायला सांगितले तेव्हा बसमध्ये सात हात वर आले.

बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकात हा किल्ला बांधला आणि पुढे फतहुल्ला इमादुल्मुल्कने तो मजबूत केला. हा फतहुल्ला कोण? विजयनगरच्या मुलखातला कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, बहमनींच्या चाकरीत वाढत वाढत वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र होऊन त्याने इमादशाही स्थापली. दिल्ली दरवाज्यावर दोन डोक्यांचा पक्षी कोरला आहे, चोचींत हत्ती धरलेला. गंडभेरुंड. हे चिन्ह विजयनगरचंही होतं. मूळ गावाची आठवण त्याने दरवाज्यावर कोरून ठेवली असेल का, हे गुरुजींनी आपल्यावर सोडलं. मी आजींकडे पाहिलं. त्या पक्ष्याकडेच बघत होत्या.

आणि मग १८०३. त्या साली सप्टेंबरात असईला, २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला, आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर लढाई झाली. समोर आर्थर वेलस्ली. कर्नल स्टीव्हन्सनने तोफा डोंगरातल्या वाटांनी ओढत उत्तरेकडून आणल्या आणि बाहेरच्या किल्ल्याची भिंत फोडली. आतला किल्ला मात्र मध्ये दरी असल्यामुळे तरीही अवघड. शेवटी एक तुकडी दरी ओलांडून शिड्यांनी चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग दरवाज्याशी लढताना पडला. दोनच दिवसांत देवगावला नागपूरच्या भोसल्यांशी तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे आपण आत्ता बसलोय ती जमीन, तेव्हा निजामाकडे गेली. ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो अंजनगाव सुर्जीला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला प्रशियन फौजेच्या मदतीने त्याने नेपोलियनला हरवलं. बर्नार्ड कॉर्नवेल नावाच्या इंग्रज लेखकाने गाविलगडाच्या लढाईवर अख्खी कादंबरी लिहिली आहे. इंग्लंडमधल्या वाचकाला गाविलगड माहीत असतो, आणि आपल्या सभेत ती "दगडं" असतात. असो. ज्यांनी ते म्हटलं होतं तेच बी विंगचे भाऊ दुसऱ्या दरवाज्यापाशी म्हणाले, "थांबा जरा, मला ते परत एकदा सांगा, शिडी कुठून लावली?" आणि दरीच्या कडेला जाऊन खाली बघत राहिले. सौ. वहिनींनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरला होता.

दिल्ली दरवाज्याच्या आत एका भिंतीवर बदाम काढून दोन नावं ऑइलपेंटने लिहिली आहेत. रोटेनबुर्गच्या भिंतीवरही नावं होती, पण ती पैसे भरून. यापेक्षा जास्त काही बोलत नाही, पोरं बसली आहेत.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून अंजनगावला पानमळ्यांजवळ चहा घेतला, तहाचं गाव म्हणून. मग अकोट, आणि शहानूरवरून नरनाळा. हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, त्यामुळे वनखात्याच्या गेटवर नोंद करून, गाईड घेऊन वर जावं लागतं. गाडी वरपर्यंत जाते, म्हणून गुडघेवाल्या मंडळींनीही नरनाळा पूर्ण पाहिला. आपला गाईड एक कोरकू तरुण होता. त्याला सनावळ्या येत नव्हत्या, पण अस्वलाने उकरलेलं वारूळ, सांबराची वाट, कुठल्या टाक्यात मार्चनंतरही पाणी राहतं, हे त्याला पाठ. महाकाली दरवाज्यापुढे सगळे आपोआप गप्प झाले. १४८७ च्या सुमाराचं हे काम, फतहुल्लाचंच. फारसी अक्षरांच्या ओळी, कमळं, जाळ्या आणि बाहेर आलेले सज्जे. हायडेलबर्गला मी जे पाहिलं त्यात याच्यापुढे ठेवावं असं मला तरी काही आठवत नाही. हे माझं वैयक्तिक मत, सौ. असती तर तिने नक्की वाद घातला असता.

माझा जीव मात्र अडकला शक्कर तलावाशी. मी चार वर्षं दर्यापूरला कृषी अधिकारी होतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचा तो खारपाण पट्टा. शेतकरी विहिरीसाठी कर्ज मागायला आला की आमचा पहिला प्रश्न, "पाणी गोडं की खारं?" खारं असलं की अर्ज परत. त्या गावांमध्ये हंडाभर गोड्या पाण्यासाठी बाया कोस-कोस जायच्या. आणि तिथून उत्तरेला डोळ्यांनी दिसणाऱ्या डोंगरावर, पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी, पावसाचं पाणी उतारांवरून वळवून तळ्या-टाक्यांत साठवलेलं! शिबंदी, घोडी, हत्ती, सगळ्यांना पुरायचं. तलावाच्या काठावर बसून मी आपल्या सोसायटीच्या गच्चीवरल्या टाकीचा विचार करत होतो. गेली अकरा वर्षं ती गळते आहे आणि ए विंग म्हणते बी विंगने दुरुस्त करावी. रोडगे आणि वांग्याची भाजी तिथेच काठाखाली, गेटबाहेर आल्यावर झाली. जंगलात चूल पेटवायची नाही हा नियम आपण पाळला.

अकोल्याला मुक्काम. सकाळी मोर्णेकाठी असदगडाचे उरलेले अवशेष आणि दहीहंडा वेस धावत पाहिली. औरंगजेबाचा वजीर असदखान, त्याच्या नावाचा हा किल्ला. तिथे फार वेळ देण्यासारखं उरलेलं नाही, आणि बसमध्ये दोघांना पोटाचा त्रास होता.

बाळापूर मात्र सोडू नका. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर विटांचा भक्कम किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहाने सुरू केला आणि अचलपूरच्या इस्माईलखान नवाबाने १७५७ मध्ये पुरा केला. आत सरकारी कचेऱ्या भरत आल्यामुळे तट शाबूत राहिला, असं मला वाटतं. वापरात असलेली इमारत टिकते, हे कोणत्याही बँकेच्या इमारत विभागाला विचारा. नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची छत्री आहे. पुरंदरच्या तहातले ते मिर्झाराजे. छत्रीत बसून मुलांनी भेंड्या खेळल्या आणि आजींनी डुलकी काढली.

गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ साली, युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. अकरा आपल्या राज्यातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. त्यात वऱ्हाडातला एकही नाही, कारण ती यादी वेगळ्या हिशोबाने केलेली आहे. पण यादीत नसलेल्या किल्ल्याच्या गेटवर उभा राहणारा तो कोरकू पोरगा मला म्हणाला, "साहेब, एवढी म्हातारी मानसं पहिल्यांदा आली. पुढच्या साली या." त्याचा नंबर सचिवांकडे दिला आहे.

आता हिशोब. माणशी वर्गणी ३,२०० रुपये. एकूण जमा १,३१,२००. खर्च १,२८,७४०, त्यात दोन्ही गाईडचं मानधन आणि पोटाच्या गोळ्या आल्या. शिल्लक २,४६० रुपये. पावत्या नोटीस बोर्डाखालच्या फाईलमध्ये आहेत, कोणीही पाहाव्यात. पुढच्या जानेवारीत सिंदखेडराजा आणि लोणार ठरतं आहे. नावं तीस नोव्हेंबरपर्यंत द्यावीत, खिडकीची सीट दर दोन तासांनी बदलली जाईल, आणि गुडघ्याचा पट्टा ज्याने त्याने आपापला आणावा.