भूगर्भातील दाट तेल आणि त्याचे गणित
(बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बडोद्यास खनिज तेलाचे अप्रूप नाही. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना 1965 सालापासून येथे उभा आहे. मात्र अंकलेश्वरचे तेल हलके व प्रवाही, तर मेहसाणा जिल्ह्यातील बलोल आणि सांथल येथे सुमारे एक हजार मीटर खोलीवर असलेले तेल काकवीसारखे दाट आहे.

बलोलचे तेल 1970 साली सापडले. त्याच्या कडेस असलेले भूजल जोरकस आहे. पण पातळ पाणी दाट तेलाला पुढे लोटीत नाही, त्याला वळसा घालून तेच आधी विहिरीत शिरते. नैसर्गिक रीतीने उपसा चालू ठेवला, तर बहुतांश तेल खडकातच अडकून पडेल. विहीर एकदा पाण्याने भरली की मागे फिरणे कठीण. म्हणून उपसा ठरविण्यापूर्वी संगणकावर तेलसाठ्याची गणिती प्रतिकृती रचावी लागते.

या प्रतिकृतीत खडकाचे हजारो चौकोनी खण कल्पितात. प्रत्येक खणाची सच्छिद्रता, त्यातील तेल-पाण्याचे प्रमाण आणि दाब नोंदवून, हेन्री डार्सी यांनी 1856 साली मांडलेल्या नियमाने एका खणातून दुसऱ्यात किती द्रव जाईल हे काढतात. द्रवाचा दाटपणा दुप्पट झाला की प्रवाह निम्मा होतो. साऱ्या साठ्याला एकच दाटपणा लावणे सोपे, पण फसवे आहे. अलास्कातील प्रुडो बे येथे तेलाखाली डांबरासारखा थर आहे. असा थर साधे तेल म्हणून मोजला, तर कागदावर साठा फुगतो. भिंत मानून वगळला, तर खालच्या पाण्याचा आधारच तुटल्याचे दिसते. खरी स्थिती बहुधा या दोहोंच्या मधली असते, आणि अभियंत्याची कसोटी तेथेच लागते.

बलोल येथे 1990 साली निराळा प्रयोग सुरू झाला. विहिरीतून हवा सोडून साठ्यातील थोडे तेल खडकातच पेटविण्यात आले. त्या उष्णतेने पुढचे तेल पातळ होऊन सरकू लागले. 1997 पासून हीच पद्धत बलोल व सांथल येथे व्यापारी प्रमाणावर वापरण्यात आली. घरातील तेल वाचविण्यासाठी त्यातलेच थोडे जाळावे, हे ऐकावयास विचित्र वाटेल! मात्र त्यामुळे प्रतिकृतीचे काम वाढते. दाबाबरोबर प्रत्येक खणाचे तापमान आणि ज्वलनाची रासायनिक क्रियाही मोजावी लागते.

आग डोळ्यांनी दिसत नाही. तेव्हा उत्पादन विहिरींतून येणाऱ्या वायूतील प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड तपासतात. प्राणवायू वाढला, तर हवा न जळताच निसटत आहे असे समजावे. मग ते आकडे प्रतिकृतीत घालून गणित पुन्हा मांडावयाचे.