कांदा स्टेशनजवळ, एकटाच

लोकलमध्ये असाल, पीएमटीत लटकत असाल, नाहीतर भांडी घासत ऐकत असाल, तर आवाज जरा वाढवा. आज माझा घसा बसलाय.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. पहिली नोकरी, नवीन शहर, ओळखीचं कोणी नाही. त्याने लिहिलंय, "दादा, हॉटेलात एकट्याने जाऊन बसायची लाज वाटते. रोज पार्सल आणतो आणि रूमवर खातो. हे नॉर्मल आहे का?" मी उत्तर टाईप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, रेकॉर्डच करू.

मित्रा, मी साडेचार महिने पार्सल खाल्लंय. तेही टोकियोत.

झालं असं की बीटेक झाल्यावर चार वर्षं पुण्यात कोड लिहिला आणि मग कंपनीने ऑनसाइट पाठवलं. ऑफिस ओतेमाचीला, राहायला निशी-कासाई. टोकियोत आयटीवाले भारतीय बरेचसे तिथेच राहतात, म्हणजे खाली उतरलं की डाळ-तांदूळ मिळतात. पण माझ्या टीममध्ये मी एकटाच भारतीय होतो. जपानी सहकारी चांगले होते, पण ते साडेसातला उठायचे, वाकून नमस्कार करायचे आणि गायब. मग मी कोन्बिनीत जायचो, म्हणजे ती चोवीस तास उघडी दुकानं असतात ना, तिथे. भाताचा त्रिकोणी ओनिगिरी घ्यायचा, रूमवर लॅपटॉपसमोर खायचा. आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, "कोणाबरोबर जेवलास?" मी म्हणायचो, "ऑफिसच्या पोरांबरोबर." रोज. साडेचार महिने.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, जायचं ना एकट्याने. पण आपल्याकडे हे सोपं नसतं. बार्शीला आमच्या घरात शेवटचा माणूस आल्याशिवाय ताटं वाढत नाहीत. हॉटेलात गेलो की पहिला प्रश्न, "किती जण?" आणि "एक" म्हटलं की वेटर आपल्याला बेसिनशेजारच्या टेबलावर नेऊन बसवतो.

आणि माझ्या बाबतीत अजून एक गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

माझे बापूकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, प्यायचे. परमिट रूममध्ये कधी दिसले नाहीत, कोणाशी भांडण नाही, तमाशा नाही. संध्याकाळी माडीवर जायचे, दार लोटून घ्यायचे. आम्हा पोरांना वाटायचं काका हिशोब लिहितायत. २०१३ ला गेले, लिव्हर खलास झालं होतं. मी अकरावीत होतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर दारूबद्दल माझ्याशी एकदाच बोलले. मी हॉस्टेलला निघालो तेव्हा बॅग एसटीत चढवता चढवता म्हणाले, "घे नको घे, तुझं तू बघ. पण एकटा बसू नको."

आपल्याकडे "बसणं" म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. मी ते वाक्य पाळलं. कॉलेजात, पुण्यात, कधी घेतली तर चौघांत.

तर आता टोकियो. फेब्रुवारी, कडाक्याची थंडी. ओतेमाचीवरून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटं चाललं की एक स्टेशन लागतं, त्याचं नाव कांदा. खोटं नाही, खरंच कांदा! (याचा आपल्या कांद्याशी काहीही संबंध नाही, पण मला पहिल्या दिवसापासून ते स्टेशन घरचं वाटतं.) तिथे रेल्वेच्या पुलाखाली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत छोटी छोटी खानावळवजा दुकानं आहेत, ऑफिस सुटल्यावर लोक तिथे घुसतात. एका दाराबाहेर लाल कागदी कंदील होता आणि धुराचा वास येत होता. मक्याचं कणीस भाजताना येतो तसा, फक्त त्यात कोंबडीची चरबी. मी दोनदा पुढे गेलो, दोनदा मागे आलो. तिसऱ्यांदा सरकतं दार उघडलं.

आतून सगळे एका सुरात ओरडले, "इराश्शाइमासे!" मी घाबरून एक बोट वर केलं. मालकाने, त्यांना ताइशो म्हणतात, मान हलवून काउंटरकडे हात दाखवला. बस्स. "अजून कोणी येणारे का?" नाही, बेसिनशेजारचं टेबल नाही. काउंटरला आठ खुर्च्या, त्यातल्या पाच भरलेल्या, आणि पाचही माणसं एकेकटी.

नंतर कळलं की जपानीत एकट्या गिऱ्हाइकाला शब्दच आहे, "ओहितोरीसामा". हितोरी म्हणजे एकटा, आणि त्याला पुढून-मागून आदर जोडलेला. म्हणजे साधारण "श्रीयुत एकटे". मला हे भयंकर आवडलं.

बसल्या बसल्या गरम ओला टॉवेल आला आणि न मागता एक छोटी वाटी. याला ओतोशी म्हणतात. आपला चकना समजा, फक्त याचे पैसे लागतात, बिलात तीन-चारशे येन दिसतात. पहिल्यांदा जाणारे चिडतात. चिडू नका, तो खुर्चीचा भाव आहे असं समजा.

आता खाण्याचं. याकितोरी म्हणजे शब्दशः भाजलेला पक्षी. कोंबडीचे बारके तुकडे बांबूच्या काडीला लावून कोळशावर भाजतात. यात कबाबसारखा मसाला नसतो. दोनच प्रश्न असतात, शिओ की तारे? शिओ म्हणजे नुसतं मीठ. तारे म्हणजे सोया सॉसचा गोडसर, दाट रस, काडी त्यात बुडवायची आणि पुन्हा निखाऱ्यावर. आणि कोंबडीचं काहीही फेकत नाहीत. मांडी म्हणजे मोमो, मांडीच्या तुकड्यांमध्ये जाड पात असली की नेगिमा, कातडी कावा, काळीज हात्सु, कलेजी रेबा, शेपटीचा चरबीदार तुकडा बोन्जिरी. मेन्यूवर चित्रं नव्हती, मी यादीतल्या एका ओळीवर आंधळेपणाने बोट ठेवलं. आला सुनागिमो. एक घास चावला, करकर वाजला, आणि मला ओळख पटली. अरे, हा तर आपला पेठा! रविवारी आई चिकनमधून कलेजी-पेठा वेगळा काढून आधी परतते, आणि तो बापूकाका आणि मी भांडून खायचो. सहा हजार किलोमीटरवर तोच पेठा, नुसत्या मिठात. मी मान खाली घालून खात बसलो थोडा वेळ.

कोळशाबद्दल एक मिनिट, कारण मी इंजिनिअर आहे आणि मला राहवत नाही. चांगल्या दुकानांत बिन्चोतान नावाचा पांढरा कोळसा वापरतात, ओकच्या जातीच्या एका झाडाचा, वाकायामा भागातला सगळ्यात नावाजलेला. इतका कडक असतो की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा टण्ण आवाज येतो. ज्वाळा नाही, धूर जवळजवळ नाही. धूर होतो तो चरबीचे थेंब निखाऱ्यावर पडून, आणि चव तिथूनच येते. ताइशो वीसेक काड्या एका वेळी सांभाळत होता. प्रत्येक काडी वेगळ्या टप्प्यावर, एक फिरव, एक बुडव, एकीवर मीठ भुरभुरव, मध्येच हातपंख्याने वारा घाल. एकच माणूस, एकच धागा, आणि एकही काडी करपली नाही. आमच्या सर्व्हरला हे जमत नाही.

शेजारच्या आजोबांसमोर उंच ग्लास होता, बुडबुड्यांचा. ताइशोने माझ्याकडे बघून विचारलं, "हाइबोरु?" हायबॉल. व्हिस्की आणि सोडा.

इथे मला आण्णांचं वाक्य आठवलं. आणि मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू.

तो करायची पद्धत बघण्यासारखी आहे. ग्लास बर्फाने काठोकाठ, एक भाग व्हिस्की, ढवळायचं, मग थंड सोडा तीन-चार भाग, कडेने हळूच, आणि शेवटी चमचा एकदाच फिरवायचा, बुडबुडे जाऊ नयेत म्हणून. चरबीदार काडीनंतर तो घोट तोंड धुऊन काढतो. ही जोडी जपानमध्ये का जमली ते तिथे बसलं की कळतं.

जपानी व्हिस्कीची गोष्टही ऑनसाइटवाल्यांनी ऐकण्यासारखी आहे. मासाताका ताकेत्सुरु हा हिरोशिमाकडचा, साके गाळणाऱ्या घरातला पोरगा. १९१८ साली त्याला स्कॉटलंडला पाठवलं, व्हिस्की कशी करतात ते शिकून ये म्हणून. ग्लासगोत शिकला, डिस्टिलऱ्यांत काम केलं, वह्या भरून टिपणं काढली, आणि १९२० ला रीटा नावाच्या स्कॉटिश मुलीशी लग्न करून परतला. क्योतोजवळची यामाझाकी डिस्टिलरी शिंजिरो तोरी यांनी १९२३ मध्ये उभारायला घेतली, ती याच्या हातून. १९२९ ला पहिली व्हिस्की बाजारात आली आणि चालली नाही! लोकांना धुराचा वास झेपला नाही. पुढे १९३४ ला ताकेत्सुरुने होक्काइदोत योइचीला स्वतःचं काम सुरू केलं. पण व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, तोवर खायचं काय? तर सफरचंदाचा रस विकला. मी ग्लास धरून विचार करत होतो की या माणसाने ग्लासगोत कितीदा एकट्याने जेवण केलं असेल.

कॉलेजची मुलं ऐकतायत म्हणून सांगतो, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी कायद्याने वय २५ लागतं. जपानमध्ये २०. सोडा-लिंबू घेऊन बसलात तरी काड्या तितक्याच चांगल्या लागतात. मी तेही करून बघितलंय, आणि का केलं ते आता सांगतो.

मी दर गुरुवारी जायला लागलो. सहा काड्या, दोन हायबॉल, तीन हजार येनच्या आसपास. एप्रिलमध्ये आमचं एक रिलीज फसलं, चूक माझी होती, कॉलवर सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवशी मंगळवार होता. तरी गेलो. काड्या मागवल्याच नाहीत. दोन झाले, तिसरा मागवला, चौथा मागवला. फोन खिशात वाजत होता, आईचा, बघितला आणि उलटा ठेवला. चौथा अर्धा झाला तेव्हा ताइशोने माझ्यासमोर एक वाटी ठेवली, कोंबडीच्या हाडांचं गरम पांढरं सूप. "साबिसु," म्हणाला, म्हणजे फुकट, दुकानाकडून. माझ्याकडे बघितलंही नाही, परत काड्या फिरवायला लागला.

मी ते सूप प्यायलो आणि मला माडीचं लोटलेलं दार दिसलं. हे मी इमोशनल करायला सांगत नाहीये. खरंच दिसलं. फरक एवढाच होता की काकासमोर वाटी ठेवणारं कोणी नव्हतं, कारण काकाने दारच लावलेलं होतं. आणि मी? आईला रोज खोटं सांगून मीसुद्धा तेच करत होतो ना?

पुढचे तीन गुरुवार नुसता सोडा-लिंबू घेतला. ताइशोने एकदाही का म्हणून विचारलं नाही. चौथ्या गुरुवारी हायबॉल मागितला, दोनवर थांबलो, आणि बाहेर येऊन आण्णांना फोन लावला. टोकियोत साडेनऊ, म्हणजे बार्शीत संध्याकाळचे सहा, खताच्या दुकानात गर्दीची वेळ.

म्हटलं, "आण्णा, एकटाच बसलो होतो."

पलीकडे शांतता. पोती उचलल्याचा आवाज येत होता.

"किती?"

"दोन."

"काही खाल्लंस का?"

"सहा काड्या. कोंबडीच्या. एक पेठ्याची होती."

"पेठा काडीला लावून विकतात?"

"हो."

"केवढ्याला?"

"दोनशे येन. एकशे दहा-पंधरा रुपये."

"एका काडीला?"

"एका काडीला."

परत शांतता. मग म्हणाले, "दर गुरुवारी जातोस?"

"हो."

"मग गुरुवारी निघाल्यावर फोन करत जा. आता ठेव, गिऱ्हाईक आलंय. आणि आईला सांग एकटा जेवतोस म्हणून. तिला माहितीये, पण तू सांग."

चला, आज एवढंच. तो मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, या आठवड्यात एकदा पार्सल न घेता आत बस आणि काय खाल्लंस ते मला कळव. भेटू पुढच्या गुरुवारी.