रविवार, रेल्वे आणि राहुटी



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला दारातच अडवले आणि म्हणाले, "वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे. राहुटीवर तासभर काय बोलणार?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर म्हणून मी राहुटीपासून आरंभ न करता रविवारापासून करतो. कारण राहुटी बाजारात मिळते, रविवार मात्र या परळ-लालबागच्या माणसांना झगडून मिळवावा लागला.

सन १८८४ मध्ये इथेच परळला, सुपारीबागेत, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी, ही त्या सभेची एक प्रमुख मागणी. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साच्यावर उभा राहणारा माणूस एका दिवसाचा विसावा मागत होता, आणि तोही मिळायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवारी दहा वाजेपर्यंत लोळतो, त्या लोळण्यामागे एवढा इतिहास आहे!

आता प्रश्न असा, की मिळालेल्या या रविवारचे आपण करतो काय? चाकरमानी कोकणात जात असे तो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवीचा रविवार खोलीच्या दहा बाय बारामध्ये संपे. आज गिरण्या राहिल्या नाहीत. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. त्यांची नातवंडे त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत काम करतात, आणि रविवारीही त्यांच्या खिशातला फोन साहेबाच्या आवाजात बोलतो. आजोबांनी मिळवलेला दिवस नातू नकळत परत करीत आहे. माझा आजचा विषय एवढाच आहे: हा दिवस वाचवावा कसा? माझ्या अनुभवाने त्याची दोन साधने आहेत, रेल्वे आणि राहुटी.

या दोहोंची सोयरीक युरोपात जुनी आहे. लंडनमध्ये थॉमस हायरम होल्डिंग नावाचा एक शिंपी होता. सायकलवर नेता येईल इतका हलका तंबू त्याने बेतला आणि १९०८ मध्ये तंबूतल्या मुक्कामावर एक जाडजूड पुस्तकही लिहिले. तोपर्यंत तंबू म्हणजे लष्कराचा नाहीतर साहेबाच्या शिकारीचा. एका शिंप्याने तो सामान्य माणसाच्या पाठीवर आणून ठेवला. पुढे १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. परंतु रजा मिळाली तरी हॉटेलला पैसा कुठला? लिओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात काही लाख माणसे घराबाहेर पडली. कित्येकांनी समुद्र त्या वर्षी प्रथमच पाहिला. आगगाडीने लांबचे अंतर स्वस्त केले आणि तंबूने रात्र स्वस्त केली. हे दोन खर्च उतरले, की प्रवास श्रीमंतांचा राहत नाही.

आजही युरोपची उन्हाळी सहल या मार्गाने करता येते. युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी युरेल नावाचा रेल्वेचा पास १९५९ पासून मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये लाउटरब्रुनेनसारख्या गावी स्टेशनवर उतरून पाठपिशवीसह पायी तंबूच्या तळावर पोचता येते. मात्र दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पास असला तरी फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. साध्या गाड्यांना बहुधा पडत नाहीत. स्वीडन, स्कॉटलंड सोडले तर वाटेल त्या रानात तंबू ठोकण्यास बहुतेक देशांत परवानगी नसते, ठरलेल्या तळावरच उतरावे लागते. आणि व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा व तीस हजार युरोंचा विमा दाखवावा लागतो. "राहुटी आहे, कुठेही राहीन" हे उत्तर तिथे चालत नाही.

पण मंडळी, युरोपला जाण्यापूर्वी आपण कर्जतला जावे, असे माझे सांगणे आहे.

रात्रीची शेवटची कर्जत लोकल दादरला पकडावी. दिवसभर जिथे पाय ठेवायला जागा नसते, त्याच डब्यात त्या वेळी पाठपिशव्या घेतलेली मुले-मुली दिसतात. १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था निघाली, तेव्हापासून आणि त्याही आधीपासून मुंबईचा डोंगरप्रेमी असाच निघत आला आहे. कर्जतला उतरून कोंडिवड्याच्या बाजूने चढले, की राजमाची येते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मध्ये उधेवाडी. तिथे रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी माघारी न फिरता लोणावळ्याकडे उतरावे. परतीची गाडी तिथे मिळते.

यात एक मर्म आहे. मोटार घेऊन गेलेल्या माणसाला मोटारीपाशी परत यावेच लागते. खुंटीला बांधलेल्या बैलासारखा तो दोरीच्या लांबीएवढेच हिंडतो. आगगाडीचा प्रवासी एका स्टेशनला उतरतो आणि दुसऱ्याच स्टेशनला चढतो. मधला सगळा डोंगर त्याचा! ज्या बोरघाटाच्या वाटेवर राजमाचीने पहारा केला, त्याच घाटातून १८६३ पासून आगगाडी धावते. सदतीस फुटांना एक फूट असा तिथला चढ आहे, म्हणून कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावतात. हा घाट बांधताना हजारो मजूर मेले. आपण चहा पीत खिडकीतून धबधबे पाहतो. पायी चढून आलेल्याला मात्र तो चढ काय आहे, हे पोटऱ्या सांगतात.

आता थोडे व्यवहाराचे. दोघांची राहुटी आज अडीच-तीन किलोंत मिळते. गॅसचा सिलिंडर, रॉकेल रेल्वेत नेण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, गूळ-शेंगदाणे बरोबर घ्यावेत आणि एक जेवण गावात सांगावे. पिठले-भाकरीही मिळते आणि चार पैसे त्या घरात जातात. तंबू ठोकण्यापूर्वी गावात विचारावे, वनखात्याचा नियम पाहावा. सकाळी बूट झाडल्याशिवाय पाय घालू नये.

आणि जागा! आम्ही एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात ओढ्याच्या कोरड्या पात्रात राहुटी ठोकली. वाळू मऊ होती, एवढाच विचार केला. एका म्हाताऱ्या गुराख्याने बजावले, "रातच्याला पानी येतं इथं." आम्ही आकाशाकडे पाहिले. एक ढग नव्हता. आम्ही हसलो. पाऊस वर, आम्हाला न दिसणाऱ्या डोंगरावर पडला आणि मध्यरात्री पाणी खाली आले. माणसे वाचली, कारण आमच्यातली एक मुलगी जागी होती. राहुटी आणि भांडी वाहून गेली. सकाळी त्याच गुराख्याने आम्हाला चुलीपाशी बसवले आणि एका शब्दाने टोचले नाही. पुस्तकी शहाणपण आणि जागेचे शहाणपण यांतला फरक मी त्या चुलीपाशी शिकलो.

त्या मुलीच्या आईने आदल्या दिवशी मला विचारले होते, "अहो, रात्रीच्या गाडीने पोरींना कशाला नेता?" प्रश्न काळजीचा होता, आणि काळजी खोटी नव्हे. त्यावर उपाय म्हणजे ओळखीचा गट, अनुभवी म्होरक्या, आणि जाण्याची-येण्याची वाट घरी लिहून ठेवणे. घरी कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. १८९० साली महालक्ष्मीला रविवारच्या मागणीसाठी सभा भरली, तेव्हा दोन गिरणीकामगार स्त्रियाही व्यासपीठावरून बोलल्या होत्या. रविवार त्यांनीही मागितला आहे.

शेवटी एक विनंती. मे-जूनमध्ये राजमाचीला काजवे पाहायला एवढी गर्दी लोटते, की काजवेच पायदळी जातात. मागे उरतात त्या बाटल्या आणि पिशव्या. राहुटीची शिकवण अशी, की सकाळी ती उचलली म्हणजे खाली फक्त दबलेले गवत राहावे, आणि तेही दुपारपर्यंत उभे व्हावे. लोखंड्यांनी मिळवलेला दिवस आपला आहे; डोंगर मात्र आपल्या एकट्याचा नाही.

 येत्या रविवारी आपल्यापैकी कोणी कर्जत लोकलमध्ये भेटले, तर हे व्याख्यान कारणी लागले असे समजेन.